धुळीला गुरुत्वाकर्षण असतं, मग आमच्या पलंगाखाली ग्रह का होत नाही?

गच्चीवाला | रविवार, रात्री ११.२०

काल लेकीला घेऊन पानशेतच्या रस्त्याला गेलो होतो. पुण्यात राहून चांदण्या बघायच्या म्हणजे आता गाडीत पेट्रोल घालणं आलं. धायरीच्या आमच्या गच्चीवरून मृगाचे चार पाय आणि पोटातला बाण एवढंच दिसतं, बाकी आकाश दिव्यांनी पिवळट. धरणाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, बॉनेटवर घोंगडी टाकली आणि मित्राकडून उसनी आणलेली दुर्बीण तिच्या हातात दिली. बाणाच्या तीन चांदण्यांखाली बारीक चांदण्यांची एक ओळ लोंबते. तिच्यातली मधली चांदणी मुळात चांदणी नाहीच. काचेवर हाः करून वाफ सोडावी तसा डाग आहे. मृगातला तेजोमेघ, सुमारे १३५० प्रकाशवर्षं लांब.

मग मी नेहमीची टेप लावली. "इथे नवे तारे जन्मतात. वायू आणि धूळ गुरुत्वाकर्षणाने एकत्र येते, तिचा गोळा होतो, तो पेटतो, उरलेल्या धुळीचे ग्रह होतात."

लेक सहावीत आहे. म्हणाली, "धुळीला गुरुत्वाकर्षण असतं?"

"सगळ्यालाच असतं."

"मग आपल्या पलंगाखाली ग्रह का होत नाही?" आणि थोडं थांबून, "म्हणजे होतात तसे छोटे छोटे केसांचे न् धुळीचे गोळे. पण आई दर रविवारी झाडते."

मी हसलो, पण घरी आल्यावर झोप येईना. उठून कागदावर मांडलं. एक हजारांश मिलिमीटर जाडीचा दगडी धुळीचा कण. त्याच्या ओढीतून सुटायला किती वेग लागेल? शाळेतलंच मुक्तिवेगाचं सूत्र घातलं. उत्तर आलं वर्षाला दोन सेंटिमीटर. सेकंदाला नाही, वर्षाला! आपली नखं याच्या दुप्पट वेगाने वाढतात. म्हणजे असे दोन कण एकमेकांजवळून गोगलगायीच्या गतीने गेले तरी गुरुत्वाकर्षणाला पत्ता लागायचा नाही.

मग "धूळ गुरुत्वाकर्षणाने एकत्र आली" हे वाक्य आपण पिढ्यानपिढ्या पोरांना सांगतोय ते काय आहे? आकडेमोड चुकली असेल तर सांगा. नसेल तर खरं काय घडतं ते सांगा. शनिवारी परत जायचंय आणि पोरगी विसरणारी नाही.

---

अर्धवट_पुणेकर | रविवार, रात्री ११.४१

रविवारी वहिनींऐवजी तुम्ही झाडा. प्रश्न मिटला, धागा मिटला.

---

खगोलवेडी | सोमवार, सकाळी ७.०५

आकडेमोड बरोबर आहे, दादा. चुकलंय ते वाक्य. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात कोंबल्यात. तारा होतो तो गुरुत्वाकर्षणाने. ग्रहाची सुरुवात मात्र गुरुत्वाकर्षणाने होत नाही, चिकटण्याने होते. तुमच्या पलंगाखाली होते तशीच. त्यामुळे लेकीचं उदाहरण तुमच्या उत्तरापेक्षा सरस आहे!

आधी तारा. तिथे दोन कणांचा हिशेब करायचाच नाही, अख्ख्या ढगाचा करायचा. तारे होतात त्या ढगांमध्ये, त्यातल्या त्यात दाट जागी, एका घनसेंटिमीटरमध्ये दहा हजारांच्या घरात रेणू असतात. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण आपल्या खोलीतल्या हवेत तेवढ्याच जागेत दोनावर एकोणीस शून्यं इतके असतात. तापमान शून्याखाली २६३ अंश. असा विरळ, गारठलेला वायू, पण तो पसरलाय प्रकाशवर्षांच्या हिशेबात. प्रत्येक रेणूला बाकी सगळ्यांची मिळून ओढ असते, आणि ती बारीक नसते.

ओढीला विरोध करतो तो वायूचा दाब. कुठे दाबलं गेलं की दाब वाढतो आणि ढग परत फुगतो. पण दाब वाढल्याची खबर ढगात पसरते ती आवाजाच्या वेगाने. इतक्या थंड वायूत तो वेग सेकंदाला जेमतेम २०० मीटर. ढग लहान असेल तर खबर वेळेत पोहोचते आणि तो सावरतो. साधारण अर्ध्या प्रकाशवर्षापेक्षा मोठा असेल तर खबर पोहोचेपर्यंत ढग ढासळलेला असतो. ही मर्यादा किती, हे जेम्स जीन्स या इंग्रज गणितज्ञाने १९०२ साली मांडलं. एकदा ढासळायला लागला की काही लाख वर्षांत आत तारा बसायला सुरुवात होते.

आणि किती आवळायचं? पुण्यापासून मुंबईपर्यंत पसरलेली वस्तू आवळत आवळत लिंबाएवढी करायची, ढगापासून सूर्य म्हणजे एवढं.

धुळीचं नंतर लिहिते, लोकल गाठायची आहे.

---

निवृत्त_मास्तर | सोमवार, सकाळी ९.३०

आमच्या वेळी भूगोलात वेगळंच होतं. सूर्याजवळून दुसरा एक तारा गेला, त्याच्या ओढीने सूर्यातून सिगारच्या आकाराची एक जीभ बाहेर आली, तिचे तुकडे झाले ते ग्रह. मधले गुरू-शनी मोठे, टोकाचे लहान, कारण सिगार मध्ये जाड असते. मी स्वतः हे वर्षानुवर्षं फळ्यावर काढून शिकवलंय. मुलांना फार आवडायचं. आणि मला पक्कं आठवतंय, त्यातही जीन्सचंच नाव होतं. जीन्स आणि जेफ्रीज.

---

खगोलवेडी | सोमवार, दुपारी १.१५

सर, तोच जीन्स! माणसाने ताऱ्यांबद्दल १९०२ मध्ये बरोबर सांगितलं आणि ग्रहांच्या बाबतीत पुढे हा सिगारचा घोळ घातला. १९३९ मध्ये लायमन स्पिट्झर यांनी गणित करून दाखवलं की सूर्यातून असा तापलेला वायू ओढून काढलाच, तर तो गोळा होणारच नाही, उधळून जाईल. म्हणजे जीन्सच्याच १९०२च्या तर्काने जीन्सची सिगार विझली. गरम वायू जमत नाही, जमायला थंड लागतो.

गंमत अशी की त्याच्या आधीची कल्पना बरोबर वाटेवर होती. कांट (हो, तोच तत्त्वज्ञ) १७५५ मध्ये आणि लाप्लास १७९६ मध्ये म्हणाले होते की सूर्य आणि ग्रह एकाच फिरत्या ढगातून झाले. मध्ये शंभरेक वर्षांनी ती कल्पना अडगळीत गेली, कारण एक हिशेब जुळत नव्हता. गिरकीचा. तो विषय निघेलच.

---

निवृत्त_मास्तर | सोमवार, दुपारी २.०२

म्हणजे किती मुलांची माफी मागायची आता! असो. फळ्यावरची सिगार मात्र सुरेख यायची माझी.

---

कोथरूडकरीण | सोमवार, दुपारी ३.४०

एक अडाणी प्रश्न. ढग थंड लागतो म्हणता, पण वायू दाबला की तापतो. सायकलच्या पंपाचं टोक गरम होतं ते माहीत आहे. मग ढग थोडा दबला की तापेल, तापला की फुगेल. संपलं. तारा होतोच कसा?

---

बॉयलरवाला | सोमवार, रात्री ८.५०

ताई, प्रश्न अडाणी नाही, हाच मुख्य प्रश्न आहे. मी भोसरीत तीस वर्षं उष्णतेशी झटापट करण्यात घालवली, त्यामुळे उत्तर माझ्या भाषेत देतो.

ढग दबतो तेव्हा निघणारी उष्णता बाहेर टाकायची सोय नसेल तर तुम्ही म्हणता तसंच होईल, काम तिथेच थांबेल. पण सोय आहे. ढगातले कार्बन मोनॉक्साइडसारखे रेणू आणि धुळीचे कण ती उष्णता अवरक्त किरणांच्या आणि मिलिमीटर लहरींच्या रूपात बाहेर फेकतात. ढग विरळ, त्यामुळे हे किरण अडत नाहीत, थेट बाहेर. म्हणजे धूळ ही नुसता कच्चा माल नाही, ती या यंत्राचा रेडिएटर आहे. शिवाय छत्रीही तीच: बाहेरच्या ताऱ्यांचा अतिनील उजेड आत येऊ देत नाही. आणि हायड्रोजनचे सुटे अणू जोडीने बसतात तेही धुळीच्या कणांवरच. एकूण वजनाच्या शंभरात एक भाग धूळ आणि तिच्यावर एवढी कामं.

पुढे आतला भाग इतका दाट होतो की किरण सुटेनासे होतात. रेडिएटर तुंबला. तिथून खरं तापणं सुरू. यापुढचा हिशेब मला पहिल्यांदा कळला तेव्हा मी जेवताना थांबलो होतो. वायूचा गोळा स्वतःच्या वजनाने आकसतो तेव्हा त्यातून जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यातली निम्मी बाहेर जाते आणि निम्मी आत राहते. बाहेर गेली म्हणून गोळा आणखी आकसतो, आकसला म्हणून आणखी तापतो. म्हणजे हा गोळा उष्णता गमावत गमावत गरम होतो! आपल्या चहाच्या उलट. पृथ्वीभोवतीचा उपग्रह हवेच्या घर्षणाने ऊर्जा गमावतो, खाली येतो आणि आधीपेक्षा जास्त वेगाने फिरायला लागतो, तसलाच प्रकार.

असं करत करत मध्यभागी तापमान एक कोटी अंशांपर्यंत गेलं की हायड्रोजनचं हेलियम व्हायला लागतं. आपल्या सूर्याएवढ्या ताऱ्याला तिथे नीट पोहोचायला काही कोटी वर्षं जातात. वजन सूर्याच्या साधारण आठ टक्क्यांहून कमी असेल तर ती भट्टी कधीच धरत नाही, नुसती धग राहते. ही मर्यादा १९६०च्या दशकात काढली ती शिव कुमार या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने. अशा गोळ्यांना ब्राउन ड्वार्फ म्हणतात.

---

कोथरूडकरीण | सोमवार, रात्री ९.१०

गमावत गमावत गरम. आमच्या सोसायटीच्या सभेत असं होतं.

---

नारायणगावकर | सोमवार, रात्री १०.०५

खोडदची रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) आमच्या घरापासून दुचाकीवर टप्प्यात, म्हणून दोन शब्द. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांनी २८ फेब्रुवारीच्या आसपास विज्ञान दिनाला जरूर या, लोकांना आत सोडतात. मी दोनदा गेलोय. दुसऱ्या वेळी एका संशोधक मुलीला हेच विचारलं, की यातून तारे जन्मताना दिसतात का. ती म्हणाली, सुटा हायड्रोजन दिसतो, त्याची लहर २१ सेंटिमीटरची. जिथे अजून ढग थंड व्हायचेत तो साठा त्यातून कळतो. पण ढग खरा थंड झाला की हायड्रोजनचे अणू जोड्या करतात आणि जोडी मुकी होते, त्या थंडीत तिच्याकडून काही ऐकू येत नाही. मग शेजारच्या कार्बन मोनॉक्साइडवरून अंदाज घ्यायचा. त्याची लहर अडीच मिलिमीटरच्या आसपास, तिला खोडदची जाळीची तबकडी चालत नाही, गुळगुळीत पत्रा लागतो आणि उंच कोरडा डोंगर लागतो.

आणि धागाकर्त्यांसाठी: अवकाशात कार्बन मोनॉक्साइड पहिल्यांदा सापडला तो १९७० साली, तुमच्या त्याच मृगाच्या तेजोमेघात.

---

गच्चीवाला | सोमवार, रात्री ११.३०

सगळ्यांचे आभार. आता गिरकीचं काय? पुस्तकात चित्र असतं, मध्ये सूर्य आणि भोवती सपाट चकती. मी लेकीला सांगितलं की रुमाली रोटीवाला कसा पिठाचा गोळा हवेत गरगर फिरवतो आणि तो पसरट होतो, तसंच. चालेल ना?

---

खगोलवेडी | मंगळवार, सकाळी ६.५०

चालेल आणि नाही चालणार. रोटी पसरते कारण फिरल्यामुळे पीठ बाहेर फेकलं जातं. ढगात कोणी बाहेर फेकलं जात नाही, सगळे आतच येतायत. फक्त वरून-खालून येणाऱ्याला अडवणारं काही नाही, आणि बाजूने येणाऱ्याला त्याची गिरकी अडवते. म्हणून वरचे-खालचे पार मध्यापर्यंत येऊन बसतात, बाजूचे लांबच घोटाळत राहतात. रोटी लाटली जात नाही, पोळ्यांची चवड दबत जाते म्हणा.

अडवते किती ते बघा. असा ढग फार म्हणजे फार हळू फिरतो, एक फेरी दोन कोटी वर्षांत, असं धरू. आता तो चाळीस लाख पटींनी आवळला. त्रिज्या जितक्या पटीने कमी, गिरकी त्याच्या वर्गाने जास्त. हिशेब केला तर सूर्याने मिनिटाच्या आत एक गिरकी घ्यायला हवी! पावणेतीन तासांपेक्षा जलद फिरला तरी सूर्य फुटेल. प्रत्यक्षात तो विषुववृत्तावर २५ दिवस घेतो, निवांत.

मग गिरकी गेली कुठे? हाच तो हिशेब, ज्यामुळे लाप्लास मागे पडला. सूर्यमालेच्या वजनातला ९९.८६ टक्के वाटा सूर्याकडे आहे, पण गिरकीचा, म्हणजे कोनीय संवेगाचा, सूर्याकडे एक टक्काही नाही. एकटा गुरू साठ टक्के बाळगून आहे. चकतीत आतला माल आत सरकताना आपली गिरकी बाहेरच्याला देऊन येतो, काही चुंबकीय क्षेत्रातून जाते, काही ध्रुवांकडून सुटणाऱ्या फवाऱ्यांवाटे.

म्हणजे बॉयलरवाले काका उष्णतेबद्दल म्हणाले तेच इथेही. ओढ ढगात पहिल्या दिवसापासून असते. अडतं ते टाकण्यावर. उष्णता टाका, गिरकी टाका, तरच आत प्रवेश. आणि ज्यांना गिरकी टाकता आली नाही ते बाहेर राहिले, त्यांचे ग्रह झाले. आपण सगळे त्या उरलेल्यांतले.

---

शंकासूर | मंगळवार, सकाळी १०.१५

वाचायला छान आहे. पण लाखो वर्षं, कोटी वर्षं. हे कोणी पाहिलंय का? गणित करून काहीही सिद्ध करता येतं. मास्तरांची सिगारही गणितानेच आली होती.

---

बॉयलरवाला | मंगळवार, दुपारी १२.३०

रास्त शंका. एकच तारा जन्मापासून म्हातारपणापर्यंत कोणी पाहिला नाही, पाहणारही नाही. पण लग्नातल्या एका ग्रुप फोटोवरून तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत माणूस कसा वाढतो ते कळतंच की. धागाकर्ते ज्या आकाशाखाली उभे होते त्यातच बघा: मृगातल्या तेजोमेघातले तारे दहा-वीस लाख वर्षांचे, म्हणजे पाळण्यातले. तिथून वर कृत्तिकांचा पुंजका, साधारण दहा कोटी वर्षांचा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उगवतो तो ४६० कोटी वर्षांचा.

चकतीचा तर फोटोच आहे. चिलीच्या अटाकामा वाळवंटात पाच हजार मीटर उंचीवर आल्मा नावाची दुर्बीण आहे. तिने २०१४ मध्ये एचएल टाउ या बालताऱ्याची चकती टिपली. आकाशात तो रोहिणीच्या अगदी शेजारी दिसेल अशा जागी आहे (अंतरात नाही, तो ४५० प्रकाशवर्षं लांब, रोहिणी ६५). फोटोत चकती आहे आणि चकतीत गोल गोल गडद खाचा आहेत. तिथे ग्रह माल गोळा करत असावेत असं बहुतेकांचं मत. पुढे पीडीएस ७० या ताऱ्याभोवतीच्या खाचेत ग्रह प्रत्यक्ष दिसले, एक २०१८ मध्ये, दुसरा २०१९ मध्ये.

---

शंकासूर | मंगळवार, दुपारी १.००

फोटो शोधून पाहिला. ग्रामोफोनच्या तबकडीसारखा आहे. बरं. निम्मी शंका मागे.

---

पिठीसाखर | मंगळवार, दुपारी ४.२०

धूळ राहिली! मी स्वयंपाकघरातली माणूस, म्हणून हे मला फार आवडतं. २००३ साली आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर डॉन पेटिट नावाच्या अंतराळवीराने प्लास्टिकच्या पिशवीत मीठ, साखर, कॉफी असं काय काय घालून फुगवलं आणि हलवलं. काही सेकंदांत कणांच्या गुठळ्या झाल्या. गुरुत्वाकर्षणाने नाही, एकमेकांवर घासून आलेल्या विजेच्या भाराने. थर्माकोलचे मणी हाताला चिकटतात ना, झटकले तरी जात नाहीत, तेच.

तर लेकीला सांगा, पलंगाखाली जे होतं ते अवकाशातही होतं. केस, धागे, कण अलगद येऊन अडकतात. फक्त आपल्याकडे पृथ्वी सगळ्यांना फरशीवर ओढून धरते, आणि आई झाडते.

---

गच्चीवाला | मंगळवार, रात्री ९.४५

हे तिला वाचून दाखवलं. तिने पिशवीत मीठ घालून हलवलं. फरशीवर मीठ सांडलं, गुठळी झाली नाही, आईने झाडलं.

बरं, चिकटून चिकटून बोराएवढा खडा झाला असं धरू. गुरुत्वाकर्षणाने जमायला किती मोठं व्हावं लागतं? मी परत गणित केलं. सिंहगडासारखा किलोमीटरभर रुंद दगड जरी अवकाशात नेऊन ठेवला, तरी त्याचा मुक्तिवेग सेकंदाला ६५ सेंटिमीटर. त्यावर उभं राहून साधी उडी मारली तर देवटाक्याचं पाणी प्यायला परत येणं नाही. तिथे कुठे गुरुत्वाकर्षणाचा खेळ सुरू होतो. मग बोरापासून सिंहगडापर्यंत कसं जायचं?

---

चक्रम_सायकलस्वार | मंगळवार, रात्री ११.५५

अखेर माझा विषय. वारा!

चकतीत वायू आणि खडे दोघेही सूर्याभोवती फिरतात. वायूला आतल्या दाबाचा थोडा आधार असतो, म्हणून तो किंचित हळू फिरला तरी निभतं. खड्याला आधार नाही, त्याला पूर्ण वेगाने फिरावंच लागतं. त्यामुळे खड्याला कायम समोरून वारा. सेकंदाला तीस ते पन्नास मीटर, म्हणजे वादळच म्हणा, फक्त फार विरळ वायूचं. बारीक धूळ वायूबरोबर वाहत जाते, तिला फरक पडत नाही. डोंगराला वाऱ्याची पर्वा नाही. मेला तो मधला, मीटरभराचा धोंडा. वाऱ्याने त्याचा वेग कमी होतो, तो आत आत घसरतो आणि पृथ्वीच्या अंतरावरून शंभरेक वर्षांत सूर्यात! शिवाय त्या आकाराचे धोंडे एकमेकांवर आदळले तर चिकटत नाहीत, उसळतात किंवा फुटतात. हा अडथळा या विषयातलं बरीच वर्षं न सुटलेलं कोडं होता.

आता जुनं पुणं आठवा. सकाळी कारखान्याच्या पाळीला निघालेले सायकलवाले. समोरून वारा असला की एकटा माणूस धापा टाकायचा, मग तो कोणाच्या तरी मागे लागायचा. मागच्याला वारा कमी. घोळका झाला की घोळक्याचा वेग एकट्यापेक्षा बरा, आणि पुढे धापा टाकणारा एकटा त्यात आपसूक सापडायचा. चकतीत नेमकं हेच. खड्यांचा घोळका झाला की तो आजूबाजूच्या वायूलाही आपल्याबरोबर खेचतो, वारा कमी होतो, घोळका आत घसरायचा थांबतो, बाहेरून घसरत येणारे एकटे त्यात येऊन मिळतात. घोळका फुगतो. अँड्र्यू यूडिन आणि जेरेमी गुडमन यांनी २००५ मध्ये हे गणिताने दाखवलं. पुढे संगणकावर दिसलं की असा घोळका इतका दाट होतो की स्वतःच्या ओढीने एकदम ढासळतो. खड्यांपासून थेट डोंगर! मधला धोंडा व्हायचंच नाही. तुमचा बोरापासून सिंहगडाचा रस्ता हा असा, पायऱ्या न चढता.

---

अर्धवट_पुणेकर | बुधवार, सकाळी ८.१०

सायकलवाल्यांनी घोळक्याने जावं हे आम्ही कधीपासून सांगतोय. आता वायूही ऐकतोय, पुणेकर ऐकत नाहीत.

---

शंकासूर | बुधवार, सकाळी ८.४०

आणि याचा फोटो?

---

चक्रम_सायकलस्वार | बुधवार, सकाळी ९.२५

आहे की. १ जानेवारी २०१९ ला न्यू होरायझन्स यान प्लूटोच्याही पलीकडे अॅरोकोथ नावाच्या एका दगडाजवळून गेलं. सुमारे पस्तीस किलोमीटर लांब, दोन चपटे गोळे एकमेकांना टेकलेले. टेकलेले, आदळलेले नाहीत. सांध्यावर चिरडल्याची खूण नाही. माणूस चालतो तेवढ्याच किंवा त्याहून कमी वेगाने ते एकमेकांजवळ आले असणार. वेगवेगळ्या दिशांनी भटकत येऊन धडकले असते तर असं झालं नसतं. एकाच ढासळत्या घोळक्यात जन्मलेली भावंडं वाटतात.

---

खगोलवेडी | बुधवार, दुपारी १.३०

सुंदर. पुढचं थोडक्यात, कारण सिंहगडाएवढे डोंगर झाल्यावर गोष्ट नेहमीची आहे. मोठा लहानाला खातो, जितका मोठा तितकी जास्त भूक. बर्फ टिकतं तिथे, म्हणजे पृथ्वीच्या साधारण तिप्पट अंतरापलीकडे, माल जास्त, म्हणून गुरूचा गाभा पृथ्वीच्या दहापट वगैरे झाला आणि त्याने वायूच ओढायला सुरुवात केली. घाई होती, कारण चकतीतला वायू तीस लाख ते एक कोटी वर्षांत उडून जातो. आपली पृथ्वी मात्र सावकाश, धडका खात खात, कोट्यवधी वर्षांत झाली. त्यातल्या शेवटच्या एका मोठ्या धडकेतून चंद्र निघाला असं आज बहुतेक मानतात.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या सुरुवातीच्या डोंगरांत अॅल्युमिनियम-२६ हा किरणोत्सारी अणू होता. सात लाख वर्षांत निम्मा होणारा, म्हणजे तो जवळच्या कुठल्या तरी ताऱ्यातून नुकताच आलेला. त्याच्या उष्णतेने डोंगर आतून वितळले, लोखंड तळाला बसलं. पुढे त्यातले काही फुटले आणि लोखंडाचे तुकडे आजही अशनी म्हणून पडतात. एखाद्या संग्रहालयात लोखंडी अशनी हाताळायला मिळाली तर नक्की हाताळा. न झालेल्या ग्रहाचा गाभा आहे तो.

---

गच्चीवाला | शनिवार, रात्री ११.५०

आत्ताच परत आलो. थंडी मरणाची, पण आकाश स्वच्छ. बॉनेटवर बसून सगळं सांगितलं: खबर वेळेत न पोहोचणारा ढग, गिरकी, मिठाची पिशवी, सायकलवाले. तिला सायकलवाले सगळ्यात आवडले. रोहिणीशेजारी बोट ठेवून "इथे तबकडी आहे, दिसत नाही पण आहे" हेही सांगितलं.

सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग शनीच्या कड्याचा चंद्र का नाही होत? तिथे तर सगळे एकाच घोळक्यात आहेत."

मी म्हणालो, उद्या सांगतो.

---

खगोलवेडी | रविवार, सकाळी ७.३०

सांगा: याचं उत्तर रोश नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४८ मध्येच दिलंय. शनीच्या फार जवळ गेलं की खड्यांची एकमेकांना असलेली ओढ कमी पडते. शनी जवळच्या बाजूला जास्त ओढतो, लांबच्या बाजूला कमी, आणि या फरकाने घोळका ताणला जाऊन सुटतो. शनीच्या केंद्रापासून त्याच्या त्रिज्येच्या साधारण अडीचपट अंतरापर्यंत हा धोका. मुख्य कडी सगळी त्याच्या आत आहेत, मोठे चंद्र सगळे बाहेर. घोळका होतो हो, सतत होतो. शनी सतत मोडतो.

---

कोथरूडकरीण | रविवार, सकाळी ८.१५

म्हणजे तिथे शनी झाडतो.

---

गच्चीवाला | रविवार, सकाळी १०.४०

वाचून दाखवलं. हो म्हणाली. आणि आज पलंगाखाली मी झाडलं. अर्धवटराव, खूश?